तुरीच्या डाळीचा डबा खाली काढा

*कर्वेनगरमधल्या बावन्न वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या यजमानांना किडनी दिली. ट्रान्सप्लांट चांगलं झालं. क्रिएटिनीन (किडनी किती नीट गाळतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.३ च्या आसपास स्थिर आहे, लघवीतून प्रोटीन जात नाही. युरिक ॲसिड मात्र चढतंय: वर्षापूर्वी ७.४, मग ७.९, नंतर ८.१ आणि आता ८.४. सांधे दुखत नाहीत, मुतखडा नाही. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, "बघत राहू, औषध नको." ताईंना हे दुर्लक्ष वाटतं, कारण युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांची बसवलेली किडनी लवकर निकामी होते असं त्यांच्या वाचनात आलं. सहा महिन्यांपासून त्यांनी घरात तूर, मसूर, पालक, टोमॅटो, फ्लॉवर आणि रविवारचं मटण बंद केलं आहे. यजमानांचं वजन पाच किलोंनी उतरलं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं मायकोफेनोलेट पोटाला मानवत नव्हतं, म्हणून वर्षापूर्वी त्याच्या जागी त्याच कामाचं अझाथायोप्रिन आलं, आणि आठ महिन्यांपूर्वी फॅमिली डॉक्टरांनी बीपीसाठी लघवीची एक गोळी वाढवली. ओळखीच्या मेडिकलवाल्याने युरिक ॲसिड उतरवणाऱ्या फेबुक्सोस्टॅटची स्ट्रिप दिली आहे, ती अजून ड्रॉवरमध्ये आहे. गेल्या महिन्यात यजमानांच्या शर्टाच्या खिशात बटाटेवड्याचा तेलकट कागद सापडला. भांडण झालं आणि ते म्हणाले, "किडनी दिलीस म्हणजे मला विकत घेतलंस का?" त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. रात्री आठचा अलार्म वाजला की नुसतं "घेतली" म्हणतात. ताई विचारतात: गोळी सुरू करू का, डॉक्टर बदलू का, आणि माझं चुकतंय कुठे?*

ताई,

आधी तो ड्रॉवर उघडा. फेबुक्सोस्टॅटची स्ट्रिप एका पाकिटात घाला, पाकिटावर "डॉक्टरांना दाखवणे" असं लिहा आणि यजमानांच्या रोजच्या गोळ्यांपासून लांब ठेवा. एकही गोळी देऊ नका. एवढं करून आलात की पुढचं पत्र सावकाश वाचा.

इतक्या घाईने हे सांगण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. यजमानांना अझाथायोप्रिन चालू आहे हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. शरीरात युरिक ॲसिड तयार करणारं एक एन्झाइम असतं, झँथिन ऑक्सिडेज. फेबुक्सोस्टॅट आणि ॲलोप्युरिनॉल या दोन्ही गोळ्या त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणून युरिक ॲसिड उतरतं. पण अझाथायोप्रिनचा निचरा करायलाही शरीर तेच एन्झाइम वापरतं. ते अडवलं की अझाथायोप्रिन अंगात साठत जातं, हाडांच्या आतला मगज रक्तपेशी बनवेनासा होतो आणि पांढऱ्या पेशी घसरतात. ज्याची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम कमी ठेवली आहे, त्याच्यासाठी हे फार धोक्याचं आहे. फेबुक्सोस्टॅट अझाथायोप्रिनसोबत देऊच नये असं त्याच्या माहितीपत्रकात असतं. ॲलोप्युरिनॉल अगदीच द्यावं लागलं तर डॉक्टर अझाथायोप्रिनचा डोस एकदम पाव ते एक तृतीयांशावर आणतात आणि रक्त वारंवार तपासतात. शक्यतो ही जोडी टाळतातच.

या दोन औषधांचं नातं जुनं आहे. अझाथायोप्रिन आणि ॲलोप्युरिनॉल दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून आली, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या. ॲलोप्युरिनॉलवर त्यांनी काम सुरू केलं ते मर्कॅप्टोप्युरिन नावाचं औषध शरीरात लवकर मोडू नये म्हणून, आणि अझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचंच मर्कॅप्टोप्युरिन होतं. युरिक ॲसिड उतरतं हा गुण पुढे गाऊटसाठी, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्या आजारासाठी, उपयोगी पडला. १९८८ साली त्या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती दाखवतेय तो परिणाम अपघाताने सापडलेला नाही, तो घडवण्यासाठीच त्यांनी ॲलोप्युरिनॉल हाती घेतलं. मेडिकलवाल्याने चांगल्या मनानेच दिलं असणार. त्याला अझाथायोप्रिनचं ठाऊक नव्हतं. तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना ते ठाऊक आहे. त्यांच्या "नको" मागे हे एक कारण असू शकतं, भले त्यांनी ते तुम्हाला उलगडून सांगितलं नसेल.

मी डॉक्टर नाही. एका डायलिसिस युनिटमध्ये वीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं आहे. तेव्हा औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच, पण त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं यात मी मदत करू शकते.

तुमच्या मुख्य भीतीकडे येते. युरिक ॲसिड जास्त असणाऱ्यांची बसवलेली किडनी लवकर थकते, हे तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. अनेक अभ्यासांत असं दिसलंय. पण त्यातून "युरिक ॲसिडमुळे किडनी थकते" असं आपण मनात जोडून टाकतो, तिथे जरा थांबूया. पावसाळ्यात आपल्या पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला की आपण काय समजतो? खडकवासला धरणातून विसर्ग वाढला. पुलावर पाणी आलं म्हणून धरण भरलं असं कुणी म्हणत नाही. युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचं साधारण दोन तृतीयांश काम किडनीचं आहे. किडनीची गाळण्याची ताकद कमी झाली की हा आकडा वर येतो. त्यामुळे ज्यांची किडनी पुढे बिघडणार असते त्यांचं युरिक ॲसिड आधीच चढलेलं दिसतं. संशोधकांनी किडनीची ताकद हिशेबात धरून पुन्हा गणित मांडलं, तेव्हा हा संबंध बऱ्याच ठिकाणी पातळ झाला, काही ठिकाणी उरलाच नाही.

मग औषध देऊन आकडा उतरवला तर किडनी वाचते का? हे तपासून झालंय. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी छापून आल्या. सीकेडी-फिक्स नावाच्या चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले ३६९ किडनीचे रुग्ण होते, तर पर्ल नावाच्या चाचणीत टाइप १ मधुमेहाचे ५३० रुग्ण. निम्म्यांना ॲलोप्युरिनॉल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. पहिल्या चाचणीत दोन वर्षं, दुसरीत तीन. ॲलोप्युरिनॉलवाल्यांचं युरिक ॲसिड छान उतरलं, पण किडनीची घसरण दोन्ही गटांत सारख्याच वेगाने झाली. हे रुग्ण ट्रान्सप्लांट झालेले नव्हते आणि ट्रान्सप्लांटवाल्यांवर इतकी मोठी चाचणी झालेली नाही, हे मान्य. तरी डॉक्टरांची दिशा यावरून ठरते. किडनीच्या आजारांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या केडिगोच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, लक्षणं नसताना निव्वळ किडनीची घसरण थांबवण्यासाठी युरिक ॲसिडची गोळी देऊ नये असं सुचवलंय. ट्रान्सप्लांटसाठीच्या त्यांच्या २००९ च्या सूचना गाऊट, सांध्याभोवतीच्या गाठी किंवा युरिक ॲसिडचे खडे अशी गुंतागुंत झाल्यावर उपचार करा असं म्हणतात. सगळं जग यावर एकमताचं नाही. जपानमध्ये किडनीचा आजार सोबत असेल तर ८ च्या पुढे लक्षणांवाचूनही गोळीचा विचार करतात. पण "बघत राहू" म्हणणारे तुमचे डॉक्टर निष्काळजी आहेत असा निष्कर्ष यातून निघत नाही.

आता मला जे खुपलं ते सांगते. तुमच्या पत्रातले चार आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि शेजारी तारखा मांडल्या. ७.४ होतं तेव्हा लघवीची गोळी नव्हती. ती सुरू झाल्यावर ७.९ आलं. मग तुम्ही डाळी बंद केल्यात आणि त्यानंतर ८.१, ८.४. म्हणजे पथ्य कडक होत गेलं आणि आकडा चढत गेला. बीपीसाठी वापरल्या जाणाऱ्या लघवीच्या बऱ्याच गोळ्या युरिक ॲसिड बाहेर जाऊ देत नाहीत, हा त्यांचा ओळखीचा परिणाम आहे. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं टॅक्रोलिमसही थोडंफार तेच करतं, त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन त्याहून जास्त. शिवाय भराभर वजन उतरतं, पोट रिकामं राहतं, तेव्हा शरीर स्वतःला मोडून खातं आणि त्यातूनही युरिक ॲसिड वाढू शकतं. सहा महिन्यांत पाच किलो आणि एक नवी गोळी, एवढं समोर असताना संशय मात्र तुरीच्या डाळीवर गेला.

तुम्हाला दोष देत नाहीये. तो संशय तुमच्या मनात पेरणाऱ्यांत मी स्वतः आहे. आमच्या युनिटमध्ये एक छापील तक्ता असायचा. त्यात "वर्ज्य" खाली तूर, मसूर, उडीद, पालक, फ्लॉवर, मशरूम, टोमॅटो अशी यादी होती आणि मी तो कितीतरी वर्षं लोकांच्या हातात ठेवत आले. एकदा सिंहगड रोडवरून येणाऱ्या एका आजींनी तो तक्ता घडी घालून कमरेला खोचला आणि मला विचारलं, "मग बाई, याने भाताबरोबर खायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मुगाचं पातळ वरण, तेही आठवड्यातून दोनदा." त्यांचा मुलगा तेव्हा आधीच काटकुळा झाला होता. तो प्रश्न मी नीट ऐकायला हवा होता.

२००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७,१५० पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून कुणाला गाऊट होतो ते पाहिलं होतं. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. दूधदुभतं, विशेषतः कमी फॅटचं, घेणाऱ्यांना कमी झाला. आणि डाळी, पालक, फ्लॉवर, मशरूम अशा ज्या वनस्पतिजन्य पदार्थांत प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड बनतं) जास्त असतं, त्यांनी धोका वाढला नाही. तक्त्यातला "वर्ज्य" रकाना अर्धाअधिक तिथेच पुसला जायला हवा होता. तसंही शरीरातल्या युरिक ॲसिडचा मोठा वाटा आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, ताटातून येणारा वाटा लहान असतो. कितीही कडक पथ्य केलं तरी आकडा थोडासाच हलतो, आणि त्या थोड्यासाठी माणूस अशक्त होणार असेल तर सौदा तोट्याचा.

म्हणून, पोटॅशियमचं किंवा आणखी कसलं बंधन डॉक्टरांनी वेगळं घातलेलं नसेल, तर तुरीच्या डाळीचा डबा वरच्या फळीवरून खाली काढा. रोज वाटीभर वरण, पालकाची ताकातली भाजी, आमटीत टोमॅटो, सगळं चालेल. मोड आलेली कडधान्यं कच्ची मात्र नकोत, उसळ चांगली शिजवून करा. हा मुद्दा युरिक ॲसिडचा नाही, जंतुसंसर्गाचा आहे. घरी लावलेल्या दह्याचं साय काढलेलं ताक द्या. मटण महिन्यातून एक-दोनदा, चार फोडी. कलेजी, सुकट, बोंबील यांना खरंच रामराम ठोका. बाटलीतली गोड पेयं आणि पाकिटातले रस बंद करा, साखरेतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं. बिअर तर नकोच. गणपतीत घरी पपनस येतं, ते यजमानांना देऊ नका. चकोत्रा, म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि पपनस एकाच जातकुळीतली फळं आहेत आणि त्यांच्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वर जाऊ शकते. शेजारपाजारचे काढेही नकोत. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून लोक आवर्जून आणून देतात, पण ट्रान्सप्लांटवाल्याला प्रतिकारशक्ती चेतवणारं काही नकोच असतं.

आणि पाणी. यजमान ट्रान्सप्लांटच्या आधी डायलिसिसवर होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर हे नक्की बघा. डायलिसिसवर असताना माणूस घोट मोजून पितो, बर्फाचा खडा चघळून तहान मारतो. ती भीती किडनी बसल्यावरही वर्षानुवर्षं जात नाही. समोर भरलेला तांब्या असतो आणि हात अर्ध्या पेल्यावर थांबतो. डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं, एप्रिल-मेमध्ये त्याहून थोडं जास्त. पाणी कमी पडलं तर युरिक ॲसिडही चढतं आणि क्रिएटिनीनही. उपास करायचा असेल तर निर्जळी मुळीच नको.

आता त्या वाक्याबद्दल. "मला विकत घेतलंस का?" हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, एकदा मधे आणि एकदा शेवटी. ते किती लागलं असेल ते त्यावरूनच कळतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही शेजारच्या ऑपरेशन थिएटरमध्ये झोपला होतात, तुमच्या कुशीवर टाके आहेत, आणि तोच माणूस असं बोलतो. रडू येणारच.

पण त्यांच्या बाजूने एकदा बघाल का? किडनी घेणाऱ्या माणसाच्या मनावर एक ओझं असतं, फेडता न येणारं. मी असे कितीतरी नवरे, भाऊ, मुलगे पाहिलेत. दात्याने प्रेमाने "डाळ खाऊ नकोस" म्हटलं तरी त्यांना ऐकू येतं, "माझी किडनी आहे, जपून वापर." तुम्ही तसं म्हणत नसाल. तरी तुमच्या पत्रात एका ठिकाणी "माझी किडनी वाया जाईल" असे शब्द आहेत, तुम्हीच वाचून बघा. मला वाटतं त्या भीतीचं मूळ असं आहे: आपल्या शरीरातून गेलेली ती गोष्ट तुम्हाला पुन्हा कधी दिसत नाही. तिची खुशाली कळते ती संध्याकाळी मोबाइलवर येणाऱ्या लॅबच्या रिपोर्टमधून. आधी सगळे आकडे हिरवे होते, मग एक लाल झाला, आणि तुमचं सगळं लक्ष त्या एका ओळीवर जाऊन बसलं. त्याच पानावर क्रिएटिनीन १.३ आहे आणि लघवीत प्रोटीन नाही. तुम्ही दिलेली किडनी नीट चालू आहे असं त्या दोन ओळी सांगतायत. त्याही वाचा.

आणि या घरात आज खरा धोका कुठे आहे, तर तो रात्री आठच्या अलार्ममध्ये. "घेतली" म्हणतात ती गोळी खरंच वेळेवर जातेय का? बसवलेली किडनी दूरवर टिकते की नाही हे ठरवण्यात टॅक्रोलिमस वेळच्या वेळी, न चुकता घेण्याचा वाटा युरिक ॲसिडपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याची रक्तातली पातळी, म्हणजे टॅक लेव्हल, कधी वर कधी खाली अशी हेलकावत राहिली, की शरीर त्या किडनीला परकी समजून तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू लागतं. ते आधी कुणालाच जाणवत नाही. डाळीवरून पेटलेलं भांडण गोळ्यांच्या डब्यापर्यंत पोचलंय, याची काळजी मला ८.४ पेक्षा जास्त वाटते.

पण म्हणून डबा हिसकावून घेऊ नका, गोळ्या चोरून मोजू नका. तो डबा त्यांच्याकडेच राहू द्या, उलट तसं तोंडाने म्हणा. एखाद्या संध्याकाळी, अलार्मच्या बराच आधी, वरणभात वाढून झाल्यावर म्हणा, "मी चुकीच्या गोष्टीवर अडून बसले होते. डाळीचं आता काही बोलणार नाही. गोळ्या तुमच्या तुम्ही बघा, मला फक्त टॅक लेव्हलचा रिपोर्ट दाखवत जा." शब्द तुमचे वापरा. त्या वड्याच्या कागदाचा विषय पुन्हा काढू नका. बाहेरच्या खाण्याबद्दल डॉक्टर त्यांच्याशी थेट बोलू देत. संसर्गाची भीती डॉक्टरांच्या तोंडून वेगळी ऐकू येते.

डॉक्टर बदलायचे का? माझ्या मते आत्ता नाही. चार वर्षांत क्रिएटिनीन हललेलं नाही, ही त्यांच्या कामाची पावती आहे. त्यांचं कमी पडलं ते समजावून सांगण्यात. ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात ते मी आतून पाहिलंय, त्यामुळे तयारी आपण करून जायची. एका वहीच्या पानावर तारीख, क्रिएटिनीन, युरिक ॲसिड, वजन, टॅक लेव्हल आणि "नवीन औषध" असे रकाने आखा आणि दोन वर्षांचे आकडे भरा. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, ते ड्रॉवरमधलं पाकीटसुद्धा. मग नेमकं विचारा. फॅमिली डॉक्टरांनी वाढवलेली लघवीची गोळी तुम्हाला माहीत आहे का? ती बदलता येईल का, की बीपीसाठी लागणारच आहे? लोसार्टन हे बीपीचं औषध युरिक ॲसिड थोडं उतरवतं, पण पोटॅशियम वाढवू शकतं, तेव्हा यांच्या बाबतीत ते बसतं का? वजन उतरलंय त्याचं आणखी काही कारण शोधायला हवं का? आणि युरिक ॲसिड कुठवर गेलं किंवा काय झालं तर तुम्ही औषध द्याल, आणि तेव्हा अझाथायोप्रिनचं काय करणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की "बघत राहू" मधली अनिश्चितता बरीच कमी होईल. लघवीची गोळी मात्र माझं वाचून स्वतः बंद करू नका. बीपी चढणं किडनीला युरिक ॲसिडपेक्षा नक्कीच जास्त महागात पडतं.

एवढं सगळं विचारूनही मन मानत नसेल तर दुसऱ्या नेफ्रॉलॉजिस्टचं मत घ्या. पुण्यात ते अवघड नाही. पहिल्या डॉक्टरांना सांगून घ्या, ते रागावत नाहीत.

एक प्रसंग असा आहे की तेव्हा बघत राहायचं नाही. एखाद्या रात्री पायाचा अंगठा किंवा घोटा अचानक लाल, गरम, सुजलेला झाला आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसेना, तर तो गाऊटचा झटका असू शकतो. त्या वेळी घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका. टॅक्रोलिमस घेणाऱ्याच्या किडनीला ही वेदनाशामकं फार त्रास देतात. कोल्चिसीन हे गाऊटचं जुनं औषध आहे, पण किडनी आणि सोबतची औषधं बघून त्याचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर स्नायूंना इजा होते. म्हणून तेही कुणाच्या सांगण्यावरून नको. सोबत ताप असेल तर सांध्यात संसर्गही असू शकतो, आणि दोन्ही दिसायला सारखेच. त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला गाठायचं, सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. हे ज्यांच्या ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांट झालेलं माणूस आहे त्यांनी फ्रिजवर लिहून लावावं.

आता तुमच्याबद्दल. दोन पानांच्या पत्रात यजमानांचे अकरा आकडे आहेत, मी मोजले. तुमचा एकही नाही. तुमचं बीपी किती आहे? क्रिएटिनीन शेवटचं कधी तपासलंत? किडनी दिलेल्या माणसाने दरवर्षी बीपी, क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन बघून घ्यायला हवं, आयुष्यभर. एका किडनीवर असल्यामुळे दात्यांचंही युरिक ॲसिड थोडं वाढलेलं राहू शकतं, ते दिसलं तर घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कंबर दुखली म्हणून उठसूट वेदनाशामक गोळी घेणं तुम्हालाही टाळायचंय. आणि सहा महिने तुम्हीही त्यांच्याबरोबर डाळ सोडली असणार, बायका सोडतातच. तुमचं हिमोग्लोबिनही बघा.

यजमान टॅक लेव्हलसाठी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायला जातात ना, पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्यासोबत जा आणि शेजारच्या खुर्चीवर बसून आपलाही हात पुढे करा. लघवीची डबी आदल्या दिवशीच आणून ठेवा, दोघांच्या दोन, आणि नावं नीट लिहा. रिपोर्ट संध्याकाळी येतील. तुमचा त्यांना उघडू द्या.